हातअवजारे: हातात घेण्याआधी, वापरताना आणि ठेवून देताना काय करावे

नव्याने काम शिकणाऱ्यांबरोबर उभे राहिले की एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. त्यांचा हात थरथरतो किंवा जोर कमी पडतो म्हणून जखम होत नाही. कापायची वस्तू दुसऱ्या हातात धरलेली असते, पटाशीची, म्हणजे लाकूड कोरायच्या अवजाराची, धार गेलेली असते, हातोडीचे डोके दांड्यावर हलत असते आणि तरीही काम सुरू केलेले असते. म्हणजे चूक वार करण्याच्या क्षणी होत नाही, ती त्याआधीच होऊन गेलेली असते. म्हणून या लेखात ज्या क्रमाने काम करायचे, त्याच क्रमाने टप्पे दिले आहेत. आधीचा टप्पा वगळून पुढच्यावर जाऊ नये, ही विनंती आहे. धार लावण्याच्या टप्प्यावर अधिक वेळ दिला आहे, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो.

## १. वस्तू आधी पक्की करा

कापायची, तासायची, कानसायची किंवा छिद्र पाडायची वस्तू वाईसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) किंवा क्लॅम्पने टेबलाला घट्ट बसवल्याशिवाय अवजाराला हात लावू नये. एका हाताने वस्तू धरून दुसऱ्या हाताने अवजार चालवले की अवजार निसटल्यावर ते जिथे जाते, तिथे तुमचाच दुसरा हात असतो. तळहातावर छोटी वस्तू ठेवून स्क्रू पिळणे हा याचाच एक प्रकार आहे. स्क्रू ड्रायव्हर खाचेतून सुटला की तो थेट तळहातात घुसतो, आणि तळहाताच्या त्वचेखाली बोटे हलवणारे स्नायुबंध व नसा असतात.

वाईसमध्ये वस्तू बसवताना कापायची किंवा कानसायची रेषा वाईसच्या जबड्याच्या शक्य तितकी जवळ ठेवावी. रेषा लांब राहिली की वस्तू थरथरते, आवाज चिरका येतो आणि पाते अडकते. लाकूड किंवा मऊ धातू असेल तर जबड्यांच्या आत लाकडाच्या पातळ पट्ट्या घालाव्यात, म्हणजे वस्तूवर वळ उठणार नाहीत. वाईसच्या दांडीवर हातोडीने ठोकून ती आवळू नये. हाताच्या जोराने जेवढी आवळली जाते तेवढी पुरे.

तपासा: बसवलेली वस्तू दोन्ही हातांनी ज्या दिशेने जोर लागणार आहे त्याच दिशेने ढकलून पाहा. किंचित जरी हलली, तरी पुन्हा बसवा.

## २. अवजाराची तपासणी

ही तपासणी एका मिनिटात होते, पण ती दर वेळी व्हायला हवी.

हातोडी: डोके एका हातात आणि दांडा दुसऱ्या हातात धरून पिळून पाहा. डोके हलले तर ती बाजूला ठेवा. अनेकजण अशी हातोडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात आणि सकाळी डोके घट्ट झालेले पाहून निश्चिंत होतात. लाकूड पाण्याने फुगते, म्हणून डोके घट्ट वाटते. परंतु फुगलेले लाकूड लोखंडाच्या भोकात चेपले जाते आणि वाळल्यावर पूर्वीपेक्षाही बारीक होते. चार दिवसांनी, एखाद्या जोरदार ठोक्याला, डोके उडून जाते. यावर खरा उपाय पाचर बदलणे किंवा दांडा नवा बसवणे हाच आहे. तो सहाव्या टप्प्यात दिला आहे.

लोखंड कापायची छन्नी: तिचे वरचे टोक ठोक्यांनी पसरून छत्रीसारखे झाले असेल, तर तिच्या कडा तुटून तुकडे गोळीसारखे उडतात. हे पसरलेले लोखंड ग्राइंडरवर काढून कडेला थोडा उतार द्यावा आणि मगच ती वापरावी.

कानस: मूठ नसलेली कानस वापरू नये, हा नियम कोणत्याही घाईत मोडू नये. कानशीची मागची शेपटी टोकदार असते, आणि कानस अडकून थांबली की पुढे जाणारा तळहात त्याच शेपटीवर जातो.

पक्कड, पाना, स्क्रू ड्रायव्हर: पकडीचे दात झिजले आहेत का, पान्याचे तोंड फाकले आहे का, स्क्रू ड्रायव्हरचे टोक गोल झाले आहे का, एवढेच पाहायचे. फाकलेल्या पान्यावर उपाय नाही. तो टाकून द्यावा.

सावधान: पकडीच्या किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीवर प्लॅस्टिकचे आवरण आहे, म्हणून ते विजेच्या कामाला सुरक्षित ठरत नाही. बहुतेक आवरणे केवळ पकड चांगली बसावी म्हणून असतात. विजेच्या कामासाठीच्या अवजारावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असे छापलेले असते. असे अवजार हातात असले तरीही आधी मेन स्विच बंद करावा आणि प्रवाह खरोखर थांबला आहे का, हे टेस्टरने किंवा मीटरने तपासावे. तपासण्यापूर्वी ते टेस्टर किंवा मीटर वीज चालू असलेल्या जागी लावून नीट चालते का, हेही पाहून घ्यावे.

## ३. मापाचे अवजार निवडा

बोटे सोलवटणे, नट गोल होणे आणि स्क्रूचे डोके खराब होणे ही तीन दुखणी जवळपास नेहमी चुकीच्या मापामुळे होतात. चपट्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक खाचेच्या पूर्ण रुंदीत बसले पाहिजे आणि जाडीतही सैल राहता कामा नये. अधिक-चिन्हाच्या स्क्रूंना मापे असतात; घरातल्या बहुतांश मध्यम स्क्रूंना दोन नंबरचे टोक लागते, आणि तिथे एक नंबरचे टोक वापरले की ते खाचेत फिरत राहून खाच खाऊन टाकते. टोक स्क्रूत घालून हात सोडून पाहावा. योग्य माप असेल तर स्क्रू ड्रायव्हर सहज डुगडुगत नाही.

नटासाठी शक्यतो बंद तोंडाचा पाना वापरावा, कारण तो नटाला सर्व बाजूंनी धरतो. सरकत्या जबड्याचा पाना वापरावाच लागला, तर जबडा नटावर पूर्ण आवळून घ्यावा आणि जोर स्थिर जबड्यावर येईल अशा दिशेने पाना फिरवावा. उलट दिशेने फिरवला की सरकता जबडा थोडा मागे सरतो आणि नटाचे कोपरे घासले जातात.

पाना नेहमी आपल्याकडे ओढावा. ढकलताना तो सुटला तर सारा भार मुठीवर येऊन बोटांचे सांधे समोरच्या लोखंडावर आदळतात. जागेअभावी ढकलावेच लागले, तर मूठ न वळता उघड्या तळहाताने ढकलावे. पान्याला पाइप जोडून लांबी वाढवू नये. पाना ज्या जोरासाठी बनवलेला आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त जोर त्यावर पडतो आणि एक तर पाना तुटतो किंवा बोल्ट. गंजलेल्या नटावर भेदक तेल (गंजाच्या फटींत शिरणारे पातळ तेल) टाकून काही तास थांबणे हा खरा मार्ग आहे. घाईच असेल, तर तेवढ्या वेळात दुसरे काम हातावेगळे करावे.

## ४. काप आणि वार

डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याशिवाय ठोकण्याचे, तोडण्याचे किंवा घासण्याचे काम सुरू करू नये. नजरेचा चष्मा पुरेसा नाही, कारण कण बाजूने येतात.

हातोडी. खिळा सुरू करताना तो लाकडाजवळ न धरता डोक्याच्या थोडा खाली धरावा. लाकडाजवळ धरलेली बोटे हातोडी चुकली तर लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये चिरडतात. वर धरलेली बोटे धक्क्याने बाजूला सरतात. खिळा स्वतःहून उभा राहीपर्यंत हलके ठोके द्यावेत आणि हात काढल्यावरच जोर लावावा. हातोडीचे तोंड खिळ्यावर सपाट पडले पाहिजे. दोन हातोड्या कधीही एकमेकींवर आपटू नयेत. दोन्हींची तोंडे कठीण केलेली असतात आणि कठीण पोलाद पोलादावर आदळले की त्याचा कण उडतो.

करवत. सुरुवात मागे ओढण्याने करावी. अंगठ्याचे पेर पात्याच्या सपाट बाजूला टेकवून, दातांच्या वरच ठेवून, दोन-तीन वेळा हलकेच मागे ओढले की खाच पडते. खाच पडल्यावर अंगठा दूर न्यावा. तंतूंना आडवे कापताना पाते लाकडाशी सुमारे ४५ अंशांवर आणि तंतूंच्या दिशेने चिरताना सुमारे ६० अंशांवर ठेवावे. पाते वाकत असेल तर हात जोर करतो आहे असे समजावे. कापण्याचे काम दातांचे आहे, हाताने फक्त पाते सरळ न्यायचे असते.

हॅक्सॉ, म्हणजे धातू कापायची करवत. यात दोन चुका नेहमी होतात. पहिली, पाते उलटे बसवणे: दात मुठीपासून पुढे, दूर जाणाऱ्या दिशेला असले पाहिजेत, कारण ही करवत पुढे ढकलताना कापते, मागे आणताना दाब सोडावा. दुसरी चूक पात्याच्या निवडीत होते. कापताना धातूच्या जाडीत किमान तीन दात एका वेळी असावे लागतात. एका इंचात २४ दात असलेल्या पात्याच्या दोन दातांमधले अंतर जवळपास १ मिलिमीटर असते, म्हणजे ३ मिलिमीटरपेक्षा पातळ पट्टी त्याने कापायला घेतली की दात तिच्या कडेवर अडकून मोडतात. पातळ पत्र्यासाठी ३२ दातांचे पाते घ्यावे, आणि त्यालाही पत्रा पातळ पडत असेल तर तो दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून फळ्यांसकट कापावा. मिनिटाला ४० ते ५० फेऱ्या पुरेत. त्यापेक्षा घाई केली तर पाते तापून लवकर बोथट होते. कापण्याच्या मध्येच पाते मोडले, तर नवे पाते जुन्या खाचेत घालू नये. जुन्या पात्याचे दात झिजल्यामुळे खाच अरुंद झालेली असते आणि नवे पाते त्यात अडकून तेही मोडते. वस्तू उलटी करून दुसऱ्या बाजूने सुरू करावे.

पटाशी. दोन्ही हात धारेच्या मागे, नेहमी. या एका नियमाला अपवाद नाही. खाच पाडताना पहिला वार रेषेवर न करता रेषेच्या आत १ ते २ मिलिमीटर करावा, कारण पटाशी पाचरीसारखी आत शिरते आणि धारेची तिरकी, उताराची बाजू तिला पाठीकडे, म्हणजे सपाट बाजूकडे, ढकलते. रेषेवरच पहिला वार केला तर पटाशी रेषा ओलांडते आणि खाच मोठी होते. मधले लाकूड निघाल्यावर शेवटचा पातळ काप रेषेवर घ्यावा. लाकडी मुठीच्या पटाशीवर लोखंडी हातोडी न मारता लाकडी मोगरी मारावी.

कानस. पुढे जाताना दाब, मागे येताना नाही. मागे येताना दाबून घासल्याने दातांची धार जाते.

तपासा: जोर वाढवावासा वाटू लागला, की थांबा. अवजार बोथट झाले आहे, वस्तू हलते आहे किंवा माप चुकले आहे. यांपैकी एक कारण सापडतेच.

## ५. पटाशी आणि रंध्याच्या पात्याला धार लावणे

बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण ती लाकडात शिरत नाही, माणूस अंगाचा भार तिच्यावर टाकतो आणि ती एकदम घसरते. तरीही लोक धार लावणे टाळतात, कारण कधीतरी तासभर घासूनही धार आलेली नसते. ती न येण्याचे कारण जवळपास नेहमी एकच असते: पहिल्या दगडावरचे काम पूर्ण व्हायच्या आधी बारीक दगड हातात घेतलेला असतो.

दगडाची तयारी. साधारण १००० नंबरचा एक आणि ४००० ते ६००० नंबरचा एक असे दोन दगड पुरतात. धारेत खाच पडलेली असेल तरच २२० ते ४०० नंबरचा खरबरीत दगड लागतो. पाण्यावर वापरायचा दगड पाण्यावरच आणि तेलावर वापरायचा तेलावरच वापरावा. पाण्याच्या दगडात तेल मुरले की तो निकामी होतो. दगड मध्ये खोलगट झाला असेल तर त्यावर पात्याची धारही वक्र येते. दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात, काचेवर २२० नंबरचा पॉलिशपेपर पसरून त्यावर दगड पाण्याने घासावा आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत थांबू नये. मध्यभागी रेघा उरल्या, तर खोलगटपणा उरला आहे.

आधी पाठ सपाट करा. धार म्हणजे दोन सपाट पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेषा. एक पृष्ठभाग उताराचा, दुसरा पाठीचा. नवी पटाशी दिसायला चकचकीत असली तरी तिची पाठ बहुधा सपाट नसते. धारेजवळचा २० ते २५ मिलिमीटर भाग १००० नंबरच्या दगडावर पूर्ण टेकवून घासावा आणि धारेच्या कडेपर्यंत एकसारखी मंद चमक येईपर्यंत घासत राहावे. हे काम प्रत्येक पटाशीला आयुष्यात एकदाच नीट करावे लागते. घासताना मूठ किंचितही वर उचलू नये, नाहीतर पाठीची कड गोल होते.

कोन ठरवा. बहुतेक पटाश्यांचा उतार २५ अंशांचा असतो आणि अगदी टोकाला ३० अंशांची बारीक पट्टी दिली की धार टिकते. कोनमापक नसेल तरी मोजता येते: उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असेल तर कोन ३० अंश, आणि सुमारे २.४ पट असेल तर २५ अंश. हाताने कोन धरता येत नसेल तर पाते ठरलेल्या कोनात धरून दगडावर फिरणारा चाकाचा धारक वापरण्यात कसलाही कमीपणा नाही. सुरुवातीला मी तोच वापरायला सांगतो.

उतार घासा. उतारावर मार्करने शाई लावा, दोन-तीन वेळा दगडावर ओढा आणि पाहा. शाई धारेपाशी पुसली गेली तर कोन जास्त उभा आहे, मागच्या टोकाशी पुसली गेली तर जास्त आडवा. कोन जमल्यावर संपूर्ण दगडाची लांबी-रुंदी वापरत, मनगट न हलवता, एकसारखे घासा.

बर येईपर्यंत पुढे जाऊ नका. घासता घासता पोलादाची केसापेक्षा बारीक कड पाठीच्या बाजूला वळते. तिला बर म्हणतात. ती क्वचितच डोळ्यांना दिसते, पण पाठीवरून धारेच्या बाहेरच्या दिशेने, धारेला आडवे, बोट हलकेच नेले की खरखर जाणवते. डावीकडून उजवीकडे पूर्ण रुंदीत ती जाणवली पाहिजे. एका कोपऱ्यात जाणवत नसेल, तर तिथे उतार अजून धारेला पोहोचलेलाच नाही आणि पुढचा बारीक दगड कितीही वेळ घासला तरी तो कोपरा बोथटच राहणार.

सावधान: बोट धारेच्या लांबीच्या दिशेने कधीही फिरवू नका.

बारीक दगड आणि बर काढणे. बारीक दगडावर मूठ किंचित उचलून ३० अंशांवर दहा-बारा वेळा ओढा, मग पाठ दगडावर पूर्ण सपाट टेकवून दोन-तीन वेळा ओढा. उतार, पाठ, उतार, पाठ असे दाब कमी करत करत चार-पाच वेळा केले की बर गळून पडते. चामड्याच्या पट्टीवर मागच्या दिशेने ओढून शेवट केला तर उत्तम.

तपासा: अंगठ्यावर धार पाहू नका. मऊ लाकडाच्या तुकड्याच्या टोकावर, म्हणजे जिथे तंतूंची तोंडे दिसतात तिथे, पातळ काप घ्या. पृष्ठभाग गुळगुळीत आणि किंचित चमकदार आला तर धार लागली आहे. तंतू चेपून भुकटी निघाली तर १००० नंबरवर परत जा.

ग्राइंडर वापरायचा असेल तर केवळ मोडलेली धार पुन्हा आकारात आणण्यासाठी वापरावा. पाते उघड्या बोटांनी धारेजवळ धरावे आणि बोटांना चटका जाणवण्याआधी पाण्यात बुडवावे. धार निळी झाली म्हणजे ती सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली आणि तिचा कठीणपणा गेला. निळा भाग पूर्ण घासून काढण्याशिवाय उपाय राहत नाही. ग्राइंडरवर हातमोजे घालू नयेत, आणि पाते टेकवायची आधारपट्टी व चाक यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नये.

करवतीबाबत एकच गोष्ट: दातांची टोके काळपट-निळसर दिसत असतील, तर ते दात कारखान्यातच इतके कठीण केलेले असतात की कानस त्यांवर चालत नाही. ती करवत बोथट झाली की बदलावी.

## ६. हातोडीचा दांडा बसवणे

जुना दांडा डोक्याखाली कापून उरलेला तुकडा वरच्या दिशेने ठोकून काढावा. हातोडीचे भोक दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये अरुंद असते, म्हणून दांडा खालून घालून वरून पाचर मारायची असते. नवा दांडा पूर्ण वाळलेल्या लाकडाचा हवा, त्यात गाठ नसावी, आणि त्याच्या टोकाला दिसणाऱ्या वर्षवलयांच्या रेषा डोक्याच्या लांबीच्या दिशेने असाव्यात. आडव्या असतील तर दांडा ठोक्याने चिरतो.

दांड्याचे टोक भोकात बसेल इतके थोडे थोडे तासा. दांडा घातल्यावर हातोडी उलटी, डोके खाली लोंबते, धरून दांड्याच्या वरच्या टोकावर मोगरीने ठोका. डोके स्वतःच्या वजनाने दांड्यावर चढत जाते. डोके जमिनीवर आपटून बसवू नका. डोक्याच्या वर २ ते ३ मिलिमीटर लाकूड राहिले पाहिजे. मग टोकात करवतीने पाडलेल्या चिरेत लाकडी पाचर मारा आणि तिला तिरकी एक लोखंडी पाचर मारा.

तपासा: मऊ लाकडावर वीस-पंचवीस ठोके मारून पुन्हा डोके पिळून पाहा. हलले तर पाचर आणखी आत घाला.

## ७. साफसफाई आणि ठेवण

काम संपल्यावर पहिल्यांदा घामाचे हात लागलेले लोखंड कोरड्या फडक्याने पुसावे. गंजाची सुरुवात बोटांच्या ठशांपासूनच होते. मग पातळ यंत्रतेलाचा हलका हात फिरवावा. गंज चढलाच असेल तर बारीक स्टीलवूल आणि तेलाने काढावा. कानशीला मात्र तेल लावू नये. तेलकट कानस धातूवर घसरते आणि तिच्यात कीस चिकटतो. ती तारेच्या ब्रशने दातांच्या रांगांच्या दिशेने झाडावी, आणि मऊ धातूचे काम असेल तर आधी तिच्यावर खडू घासावा, म्हणजे कीस अडकत नाही. कानशी एकमेकींवर रचून ठेवू नयेत.

धारेच्या अवजारांना प्रत्येकी स्वतंत्र जागा हवी. एकाच डब्यात पटाश्या, पक्कड आणि पाने टाकले की पहिल्या धक्क्याला धारेत खाचा पडतात, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात घातलेला हात कापतो. जाड कापडाची खिशांची गुंडाळी किंवा धारेवर बसणारी टोपी पुरेशी असते. अवजार खिशात घालून शिडी चढू नये. दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडे करावी आणि त्याने धरल्याचे दिसल्यावरच सोडावे.

लाकडी मुठींना वर्षातून एक-दोनदा उकळलेले जवसाचे तेल पातळ चोळले की त्या तडकत नाहीत आणि हाताला खरखरत नाहीत.

सावधान: हे तेल हवेशी संयोग पावताना उष्णता निर्माण करते. तेल पुसलेली चिंधी चुरगळून टाकली तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि काही तासांनी ती आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या उघड्यावर एकेरी पसरून, जळाऊ वस्तूंपासून दूर, कडक होईपर्यंत वाळवाव्यात, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात. कामाची जागा बंद करण्याआधी या चिंध्या कुठे आहेत, हे शेवटी पाहून निघावे.